कडी काढायला जागी असलेली बाई : मद्यपीच्या घरच्यांचा इतिहास

मागच्या व्याख्यानात आपण मुंबई इलाख्यातल्या दारूबंदीचा इतिहास पाहिला. अबकारी, ताडी-माडी, परमिट, मोरारजीभाई, सगळं झालं. व्याख्यान संपल्यावर एक बाई पुढे आल्या आणि म्हणाल्या, "सर, सरकारचं कळलं, दुकानदाराचं कळलं, पिणाऱ्याचंही कळलं. पण जी बाई रात्री बारा वाजता दाराची कडी काढायला जागी असते, तिचा इतिहास कुठाय?" आमच्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर प्रश्नही आमच्या डोक्यात आला नव्हता. दारूचा इतिहास म्हणजे महसुलाचा इतिहास, कायद्याचा इतिहास, फार तर पिणाऱ्याच्या अधःपाताचा इतिहास, असंच आपण धरून चालतो. म्हणून आजचं व्याख्यान त्या बाईंच्या प्रश्नावर आहे.

सुरुवात आपल्या ओळखीच्या घरापासून करू. राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आलं. गडकरी त्याच वर्षी जानेवारीत गेले, त्यांना प्रयोग पाहायला मिळाला नाही. गंधर्व नाटक मंडळींनी ते केलं आणि सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्व होते. आता सिंधू काय करते ते आठवा. वकील नवरा दारूपायी सगळं घालवतो. ही दुसऱ्यांची दळणं दळते. माहेरची मदत नाकारते. त्याच्याबद्दल कुणी वावगं बोललं तर तिला सहन होत नाही. आणि शेवटी त्याच्याच हातून घायाळ होते, तरी मरताना त्यालाच वाचवायला बघते. त्याच नाटकात गीता आहे, तळीरामाची बायको. ती नवऱ्याला ठणकावून बोलते. पण प्रेक्षकांनी डोळे पुसले ते सिंधूसाठी; गीतेवर हसले. महाराष्ट्रानं पुढची कित्येक वर्षं दारुड्याच्या बायकोकडे पाहिलं ते या दोन खिडक्यांतूनच. एक तर सोशीक देवी, नाहीतर कजाग बाई. तिसरी जागाच नाही.

आता इथून आपण एकदम न्यूयॉर्कला जाऊ. नाटक आलं त्याच्या साधारण एक वर्ष आधी, जानेवारी १९१८ मध्ये, ब्रुकलिनच्या एका डॉक्टरांच्या मुलीचं लग्न झालं. तिचं नाव लोइस बर्नहॅम. नवरा बिल विल्सन, तिच्याहून चार वर्षांनी लहान, व्हरमाँटच्या खेड्यातला, पहिल्या महायुद्धासाठी सैन्यात गेलेला. पुढे हाच बिल विल्सन अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे आपण ज्याला नुसतं 'ए.ए.' म्हणतो त्याच्या, दोन संस्थापकांपैकी एक झाला. त्याची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. लोइसची फार थोड्यांना.

लोइसनं सतरा वर्षं जे केलं ते आपल्याकडच्या कुठल्याही वाड्यातल्या, चाळीतल्या बाईला ओळखीचं वाटेल. विनवण्या केल्या. धमक्या दिल्या. बायबलवर शपथा लिहून घेतल्या. १९२५ साली दोघांनी नोकऱ्या सोडल्या आणि साइडकार लावलेल्या मोटरसायकलवर देशभर हिंडायला निघाले. बिलचा हेतू होता कंपन्यांची पाहणी करून शेअरबाजारात पैसा करायचा. लोइसचा हेतू होता त्याला गुत्त्यांपासून लांब न्यायचं. हवापालट! आपल्याकडे नाही का, "जरा गावाला नेऊन आणा, संगत सुटली की सुटेल" म्हणतात, तेच. त्यांचं मूल होऊ शकलं नाही. तिची गर्भारपणं गर्भाशयाबाहेरची होती आणि शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. १९२९ साली शेअरबाजार कोसळला. मग दोघं तिच्या वडिलांच्या घरी, क्लिंटन स्ट्रीटवर राहायला आले. लोइस एका मोठ्या दुकानात नोकरीला लागली. ती कमवायची, तो प्यायचा.

१९३४ च्या डिसेंबरात बिल टाउन्स हॉस्पिटलमध्ये शेवटचा दाखल झाला आणि त्यानंतर तो कधीच प्यायला नाही. पुढच्या वर्षी ओहायोतल्या ॲक्रनमध्ये डॉ. बॉब स्मिथ यांची भेट झाली आणि एका मद्यपीनं दुसऱ्या मद्यपीशी बोलत राहायचं, या साध्या कल्पनेवर ए.ए. उभं राहिलं. इथं बहुतेक इतिहास आनंदानं संपतात. नवरा सुधारला, आता काय पाहिजे?

पण एका रविवारी बिल म्हणाला, "चल, आटप, मीटिंगला उशीर होतोय." आणि लोइसनं पायातला बूट काढून जोरात त्याच्या दिशेनं फेकला. खड्ड्यात गेल्या तुझ्या मीटिंगा, अशा अर्थाचं काहीतरी ओरडली.

हा बूट इतिहासात फार महत्त्वाचा आहे, असं आमचं मत आहे. बिलनं त्या दिवशी काहीच केलेलं नव्हतं. तो प्यायलेला नव्हता, त्यानं शिवी दिली नव्हती. मग राग कशाचा? लोइसनं नंतर स्वतःच त्याचा छडा लावला. सतरा वर्षं तिच्या आयुष्याचं एकच काम होतं, याची दारू सोडवायची. आणि ती सुटली, पण तिच्याकडून नाही. कुणीतरी परक्यांनी, काही दिवसांत सोडवली. वर आता हा माणूस दिवसरात्र इतर दारुड्यांच्या मागे. पूर्वी त्याला बाटली लागायची, आता मीटिंग. आणि आपण? आपण कोण? तिच्या हातात काही कामच उरलं नव्हतं. आपल्यालाही काहीतरी झालंय, हे तिला त्या दिवशी कळलं. एक थेंबही न पिता.

आता जरा मागे जाऊ, कारण लोइसच्या आधीही बायका होत्याच. त्यांनी काय केलं?

१८४० साली बाल्टिमोरमध्ये सहा पिणाऱ्यांनी एकत्र येऊन दारू सोडायची शपथ घेतली, त्यातून वॉशिंग्टोनियन चळवळ निघाली. ती काही वर्षांत हजारोंच्या सभा भरवायला लागली. तिच्या जोडीला बायकांच्या मार्था वॉशिंग्टन सोसायट्या झाल्या. या बायका दारू सोडलेल्यांच्या घरी कपडे शिवून पुरवायच्या, मुलांच्या खाण्याची सोय बघायच्या, पिणाऱ्या बायकांनाही मदत करायच्या. काम मोलाचं होतं, पण त्यांचा स्वतःचा प्रश्न तिथं मांडायला जागा नव्हती. पुढे मूळ चळवळच विस्कटली.

मग १८७३ च्या डिसेंबरात ओहायोतल्या हिल्सबरो गावच्या बायका प्रार्थना म्हणत गुत्त्यांवर चालून गेल्या. ती लाट गावोगाव पसरली आणि १८७४ मध्ये विमेन्स ख्रिश्चन टेंपरन्स युनियन ही संस्था झाली. त्या काळात लग्न झालेल्या बाईच्या नावावर काय असायचं? बऱ्याच ठिकाणी तिची मजुरीसुद्धा कायद्यानं नवऱ्याची. त्यानं ती गुत्त्यात उडवली तर दाद कुठे मागणार? म्हणजे हा नुसता नीतीचा प्रश्न नव्हता, तो पगाराच्या पाकिटाचा प्रश्न होता. फ्रान्सिस विलर्ड अध्यक्ष झाल्यावर या संस्थेनं दारूबंदीला बायकांच्या मताधिकाराची जोड दिली ती त्यामुळेच.

आणि इथं आपला धागा येतो. आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी १८८६ मध्ये पंडिता रमाबाई अमेरिकेत गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षं तिथं राहिल्या. फ्रान्सिस विलर्डशी त्यांचा स्नेह जमला, या संस्थेचं काम त्यांनी जवळून पाहिलं. १८८९ साली आलेल्या 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' या त्यांच्या मराठी पुस्तकात त्याबद्दल त्यांनी कौतुकानं लिहिलंय. म्हणजे दारू हा बायकांनी एकत्र येऊन लढायचा विषय आहे, हे मराठीत छापून येऊन सव्वाशेहून अधिक वर्षं झाली. त्याच्याही आधी १८८० मध्ये महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सभासद असताना त्यांनी दारूच्या दुकानांना लेखी विरोध केला होता. गुत्ते वाढले की घरं बुडतात, हे त्यांचं म्हणणं.

पण लक्षात घ्या, ही सगळी लढाई दाराबाहेरची आहे. गुत्ता बंद करा, कायदा करा, कर लावा. त्याची गरज आहेच. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, ती लोकांच्या, विशेषतः बायकांच्या चळवळीतून आली. चंद्रपुरात २०१५ साली आली आणि २०२१ मध्ये उठली. महाराष्ट्रातल्या गावांत उभी बाटली-आडवी बाटलीचं मतदान होतं ते तुम्हाला माहीत आहे. आडवीवर शिक्का म्हणजे दुकान बंद. यातली मेख अशी की नुसतं आलेल्या मतांचं बहुमत चालत नाही, गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मतं आडवीला लागतात. ज्या दिवशी मतदान त्या दिवशी कुणाला शेतावर पाठवलं, कुणाला घरात डांबलं, की दुकान वाचलं. यावर एक स्वतंत्र व्याख्यान होईल. आज तो विषय नाही. आज आपण दाराच्या आत आहोत, आणि गुत्ता बंद झाला तरी शेजारच्या तालुक्यातून बाटली येतेच, हे आतल्या बाईला ठाऊक असतं.

तर पुन्हा लोइसकडे. १९३९ साली ए.ए.चं मुख्य पुस्तक निघालं, त्यात एक प्रकरण आहे 'बायकांसाठी'. ते बायकांनीच लिहिल्यासारखं आहे, "आम्ही बायका" अशा सुरात. लिहिलं कुणी? बिलनं! लोइस म्हणाली होती, मी लिहिते. बिल म्हणाला, नको, पुस्तकाची शैली एकसारखी राहिली पाहिजे. (हशा.) हसू येतं खरं, पण ती दुखावली गेली आणि हे तिनं पुढे कबूलही केलं. त्या प्रकरणात बायकांना सल्ला काय? रागावू नका, टोचून बोलू नका, धीर धरा. म्हणजे सिंधूच व्हा. आमचं मत विचाराल तर या पुस्तकातलं सर्वात अशक्त प्रकरण हेच, आणि ते का अशक्त आहे हे लेखकाच्या नावातच आहे.

त्याच वर्षी त्यांचं क्लिंटन स्ट्रीटचं घर कर्जापायी गेलं. दोन वर्षं दोघं ए.ए.मधल्या लोकांकडे आज इथं, उद्या तिथं राहिली. पन्नासच्या वर वेळा बिऱ्हाड हलवलं. १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या उत्तरेला बेडफर्ड हिल्सला घर मिळालं, तेव्हा तिनं पहिल्यांदा स्वतःच्या भांड्यांचे खोके उघडले असतील.

या काळात एक गोष्ट गावोगाव आपसूक घडत होती. ए.ए.ची मीटिंग दिवाणखान्यात. नवऱ्यांना घेऊन आलेल्या बायका स्वयंपाकघरात. कॉफी करायची, केक कापायचा, कपबशा विसळायच्या. आणि हे करता करता बोलणं निघायचं. "तुमच्याकडेही असंच?" हे दोन शब्द. आपल्याकडे नळावर, पापड लाटताना, दळणाच्या रांगेत बायका जे बोलतात तेच. फरक इतकाच की इथं दोघींना माहीत होतं, समोरचीच्या घरीही तेच आहे. लपवायचं काही कारण नव्हतं. काही ठिकाणी या बायका वेगळ्या खोलीत बसायला लागल्या, काही ठिकाणी त्यांनी आठवड्याचा वार ठरवला.

१९५० मध्ये बिल अमेरिका-कॅनडाभर फिरून आला आणि त्यानं लोइसला सांगितलं की असे घरच्यांचे गट जागोजाग उगवलेत, त्यांना कुणीतरी एकत्र गुंफायला हवं. ए.ए.च्या कचेरीत अशा ८७ गटांची आणि व्यक्तींची नावं पडून होती, ए.ए. फक्त मद्यपींसाठी असल्यामुळे त्यांची नोंद करता येत नव्हती. १९५१ साली लोइस आणि तिची शेजारगावची मैत्रीण ॲन बी. यांनी त्या ८७ जणांना पत्रं लिहिली. ॲनचं आडनाव मुद्दाम सांगत नाही, निनावीपणा हा त्या संघटनेचा नियम आहे. ऑफिस म्हणजे लोइसच्या घराचा वरचा मजला. पत्रांना उत्तरं आली, त्यातून नाव ठरलं 'अल-अनॉन कुटुंब समूह'. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दोन शब्दांचे पहिले तुकडे जोडले की झालं.

त्यांनी ए.ए.च्याच बारा पायऱ्या घेतल्या. बदल किती केला? बाराव्या पायरीतला एक शब्द. तिथं "मद्यपींपर्यंत" हा संदेश न्यायचा असं होतं, यांनी "इतरांपर्यंत" केलं. बाकी सगळं तसंच. पहिली पायरीसुद्धा. म्हणजे जिनं कधी बाटलीला हात लावला नाही ती बाई उभी राहून कबूल करते की दारूपुढे आमचं काही चाललं नाही.

इथं थोडं थांबू, कारण पहिल्यांदा ऐकताना हे अन्यायाचं वाटतं. प्यायला तो, आणि कबुली हिनं द्यायची? आम्हालाही तसंच वाटलं होतं. पण आतून बघा. बाई रोज काय करत असते? बाटली शोधते, मोरीत ओतते, पाणी घालते. पगाराच्या दिवशी कारखान्याच्या गेटवर उभी राहते. खाडा पडला की साहेबांना फोन करते, "ह्यांना ताप आलाय." मुलांना सांगते, बाबांना बरं नाही, आवाज करू नका. उधारी स्वतः फेडते. सासूला कळू देत नाही, माहेरी कळू देत नाही. शपथा घालते, देवाला नवस बोलते. तिच्या दिवसाचा प्रत्येक तास त्याच्या पिण्याभोवती फिरतो. तिनं झाकल्यामुळे त्याला परिणाम भोगावे लागत नाहीत, आणि तिला वाटत असतं, आपण धरलंय म्हणून घर उभं आहे. पहिली पायरी तिला म्हणते, बाई गं, हे तुझ्यामुळे झालेलं नाही, तुला ते आवरता येणार नाही आणि तुला ते बरंही करता येणार नाही. सतरा वर्षं आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या माणसाला हे ऐकताना काय वाटत असेल? ती हार आहे, पण सुटकाही आहे.

आरोपीचा पिंजरा हा शब्द आम्ही उगाच वापरला नाही. त्याच सुमाराला विद्वान मंडळी काय म्हणत होती बघा. १९५३ साली थेल्मा व्हेलन या समाजकार्यकर्तीनं एका संशोधन पत्रिकेत लेख लिहिला. मद्यपींच्या बायकांचे तिनं चार प्रकार पाडले आणि त्यांना नावं ठेवली, अक्षरशः नावं. सोसणारी सुझन, ताबा ठेवणारी कॅथरीन, डळमळती विनिफ्रेड आणि शिक्षा देणारी पॉली. म्हणणं असं की या बायकांच्या स्वभावातच खोट असते, त्यांना असाच नवरा लागतो. आपल्याकडची सासू म्हणते ना, "हिचा पायगुण", "हिनं नीट सांभाळलं नाही म्हणून तो बाहेर गेला", तेच, फक्त मानसशास्त्राच्या भाषेत. विज्ञानाच्या नावानं पायगुण!

लगेच पुढच्या वर्षी, १९५४ मध्ये, जोन जॅक्सन या समाजशास्त्रज्ञ बाईनं याला उत्तर दिलं. सिएटलमध्ये मद्यपींच्या बायकांच्या गटात जाऊन ती सुमारे तीन वर्षं ऐकत बसली. आपल्याला वाटतं तेवढं हे काम सोपं नाही, संशोधकाला गप्प बसणं फार जड जातं. तिच्या लक्षात आलं की या बायकांत चार जाती नाहीत. एकीच बाईची वेगवेगळ्या वर्षांतली रूपं आहेत. संकट जसं वाढतं तसं घर बदलतं. तिनं सात टप्पे सांगितले. आधी सगळे नाकारतात, "पार्टीत घेतो थोडी". मग घर लोकांपासून तुटायला लागतं, येणंजाणं बंद होतं, आणि बाई दारू थांबवायची धडपड करते. मग सगळं विस्कटतं. बाई थकते, मुलांवर हात उगारते, आपल्याला वेड लागलंय असं तिला वाटतं. मग ती सावरते आणि नवऱ्याला आणखी एक मूल समजून घराचा कारभार हातात घेते. मग वेगळं व्हायचा विचार, मग काही घरांत खरंच वेगळं होणं आणि उरलेल्या घराची नवी घडी. आणि सातवा टप्पा, नवरा दारू सोडतो तेव्हा.

तो सातवा टप्पा जास्त बोलण्यासारखा आहे. चार-पाच वर्षं बाईनं एकटीनं घर चालवलेलं असतं. बँकेचं पासबुक तिच्याकडे, मुलांच्या शाळेचा निर्णय तिचा. आता हा सोबर होऊन येतो आणि म्हणतो, मी कर्ता पुरुष. मुलं त्याला विचारतच नाहीत, आईकडे बघतात. तो उशिरा आला की हिच्या पोटात गोळा येतो, तोंडाचा वास घ्यायला जाते. तो म्हणतो, आता तरी विश्वास ठेव. ती म्हणते, कशावर? बरीच घरं दारूत टिकतात आणि दारू सुटल्यावर मोडायला येतात. लोइसचा बूट इथंच आठवा.

मुलांबद्दल थोडक्यात. १९५७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका मुलानं, त्याचे वडील ए.ए.त आणि आई अल-अनॉनमध्ये होती, आपल्या वयाच्या मुलांचा गट सुरू केला, तो 'अलाटीन'. पुढे १९८० च्या आसपास अशा घरांत वाढून मोठ्या झालेल्या माणसांवर पुस्तकं आली, गट निघाले. त्याच दशकात 'सहव्यसनी' ही कल्पना अमेरिकेत अफाट खपली. इतकी, की कुणीही कुणाची काळजी घेतली तरी त्याला आजार ठरवायचं. स्त्रीवादी अभ्यासकांनी त्यावर सडकून टीका केली आणि ती आम्हाला पटते. बाईनं काळजी घ्यायची असं आधी शिकवायचं आणि ती घेतली की तिलाच रोगी म्हणायचं, हा व्हेलनबाईंचाच पिंजरा नव्या रंगात झाला.

आता पुणं. डॉ. अनिता अवचट, ज्यांना सगळे सुनंदा म्हणायचे, येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लेखमाला लिहिली, ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी मदत देऊ केली आणि २९ ऑगस्ट १९८६ ला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. सुरुवात गर्दसाठी, पण दारूचे रुग्ण लवकरच जास्त यायला लागले. त्यांच्या बायकांसाठी तिथं जो गट झाला त्याचं नाव 'सहचरी'. हे नाव आम्हाला फार आवडतं. त्यात सोशीकपणा नाही आणि दोषही नाही. बरोबर चालणारी, एवढंच. सुनंदाताई १९९७ मध्ये कर्करोगानं गेल्या, काम मुक्ता पुणतांबेकर पुढे चालवताहेत. अल-अनॉनचे समूहही मुंबई-पुण्यात आज भरतात.

पण अमेरिकेतला शब्द इथं आला की त्याला इथल्या घरात बसवावं लागतं. अल-अनॉनचा एक मुख्य शब्द आहे अलिप्तता, प्रेम ठेवून अलिप्त होणं. लोइसच्या घराला वरचा मजला होता. आपल्याकडे दहा बाय बाराच्या खोलीत सासू, तीन मुलं आणि उंबऱ्यात पडलेला नवरा. अलिप्त व्हायचं कुठे जाऊन? शिवाय त्याला उंबऱ्यात पडू दिलं तर चाळ हिलाच नावं ठेवणार, "बाई आहे का कोण, नवऱ्याला आत घेत नाही!" म्हणून अलिप्तता म्हणजे लांब जाणं नव्हे, असं इथल्या बायकांनी आपापला अर्थ लावलेला दिसतो. त्याला ताट वाढून ठेवायचं पण जागत बसायचं नाही. भांडण प्यायलेल्या माणसाशी करायचं नाही, सकाळी बोलायचं. साहेबांना खोटा फोन करायचा नाही. आपला पगार आपल्या खात्यात. एवढंसं वाटतं, पण "ताप आलाय" हा फोन पहिल्यांदा न करणं किती अवघड असतं ते ज्यांनी केलंय त्यांना विचारा.

अजून एक अभ्यास सांगतो आणि मग प्रश्न घेऊ. १९९९ मध्ये न्यू मेक्सिको विद्यापीठातल्या मिलर, मेयर्स आणि टोनिगन यांनी १३० घरच्या माणसांवर एक प्रयोग केला. प्रश्न असा : पिणारा उपचारांना तयारच नसेल तर घरच्यांनी कुठली वाट धरली की तो तयार होतो? तीन वाटा होत्या. एक, 'क्राफ्ट' नावाची पद्धत, यात घरच्यांना शिकवतात की तो सोबर असेल तेव्हा जवळीक द्या, प्यायला की बक्षीस काढून घ्या, परिणाम झाकू नका आणि योग्य क्षणी उपचारांचं नाव काढा. दुसरी, सगळ्यांनी मिळून त्याला समोर बसवून सुनवायचं. तिसरी, अल-अनॉनकडे वळवणं. पहिल्या वाटेनं ६४ टक्के घरांतला पिणारा उपचारांना आला, दुसरीनं ३० टक्के, तिसरीनं १३ टक्के. म्हणजे अल-अनॉन हरलं? तसं म्हणता येत नाही, कारण त्याला आणणं हे त्याचं उद्दिष्टच नाही. आणि आकड्यांच्या मागे आणखी एक निष्कर्ष होता, तो कमी सांगितला जातो. तिन्ही गटांतल्या घरच्या माणसांची स्वतःची तब्येत, मनःस्थिती सारखीच सुधारली. तो उपचारांना येवो न येवो. लोइसला बूट फेकल्यावर जे उमगलं ते इथं मोजून मिळालं.

बिल विल्सन १९७१ साली वारले, तारीख २४ जानेवारी, त्यांच्या लग्नाचा वाढदिवस. लोइस त्यानंतर सतरा वर्षं जगली, १९८८ पर्यंत. मघाशी सतरा हा आकडा आला होता ना? हीही सतराच, पण आधीच्यांपेक्षा फार निराळी.

प्रश्न आलेत, त्यातले दोन घेतो.

एकांनी चिठ्ठीवर विचारलंय, मारहाण होत असेल तरी अलिप्त राहायचं का? नाही. अलिप्तता हा मारावरचा उपाय नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, त्यात राहत्या घरात राहायचा हक्क आहे, संरक्षण अधिकारी आहेत. १८१ हा महिलांसाठीचा हेल्पलाइन नंबर आहे. आधी सुरक्षित जागा, पायऱ्याबियऱ्या नंतर. आणि यालाच जोडून एक. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरात कोंडून, एकदम, डॉक्टरांशिवाय तोडू नका. थरथर, भास, झटके येतात, जीवही जाऊ शकतो. इरेला पेटून असं करणारी घरं आहेत म्हणून सांगतो.

दुसरा प्रश्न मागच्या वेळच्या त्याच बाईंचा आहे. त्या विचारतात, नवरा अजून पितोय, सोडायचं नावही काढत नाही, अशा वेळी बायकोनं मीटिंगला गेलेलं चालतं का, की तो आधी आला पाहिजे? चालतं, बाई. त्याची वाट बघायची गरज नाही. फी नसते, नाव-गाव कुणी विचारत नाही, पहिल्या दिवशी बोललंच पाहिजे असंही नाही. त्याला सांगून जायचं की न सांगता, ते तुम्ही ठरवा. त्या रात्री कडी कुणी काढायची, तेही.